अंबरमधला भुंगेरा: नवी प्रजाती म्हणावी, की घाई होतेय?

सालीखालची

नमस्कार मंडळी. शीर्षकातला ‘प्रजाती’ हा शब्द जीनस या अर्थाने आहे. बातम्यांत स्पीशीजलाही प्रजाती म्हणतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. स्पीशीजसाठी मी ‘जाती’ लिहीन.

माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. काम झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या चपट्या भुंगेऱ्यांवर, म्हणजे सिल्व्हॅनिडी कुल आणि त्याचे शेजारी. धान्यात सापडणारा करवती भुंगेरा, ओरायझेफिलस, याच कुलातला. आजवर मी टाचणीवरचे आणि स्लाइडवरचे नमुनेच पाहत आले. दीड वर्षापूर्वी मार्गदर्शकांनी संग्रहालयाच्या एका जुन्या कप्प्यातला काचिन अंबरचा, म्हणजे म्यानमारच्या काचिन भागातल्या जीवाश्म झालेल्या राळेचा, तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि तेव्हापासून बाकी सगळं काम मागे पडलंय.

तुकडा बोटाच्या पेराएवढा, गडद मधाच्या रंगाचा. आत एकच भुंगेरा, लांबी २.६ मिलिमीटर. पाठीकडून फार सुरेख दिसतो. एलिट्रावर, म्हणजे पुढच्या कडक पंखांवर, खड्ड्यांच्या सरळ रांगा आहेत. उजवा एलिट्रा किंचित उचललेला आणि त्याखालून मागच्या पातळ पंखाचं टोक बाहेर आलंय. राळेत पाय रुतल्यावर त्याने उडायचा प्रयत्न केला असणार, असं दर वेळी पाहताना वाटतं. शृंगिकांना अकरा पेरं, पहिलं बरंच लांब, शेवटची तीन जराशी रुंद. प्रोनोटमला, म्हणजे डोक्यामागच्या ढालीला, डाव्या कडेवर चार दात आणि उजव्या कडेवर पाच. टार्ससची, म्हणजे पावलाची, पेरं चार भरतात. दिसतो तो डावा मधला पाय; बाकीचे पोटाखाली दुमडलेत. पोटाकडची बाजू जवळपास पूर्ण चंदेरी आहे, चमचमते आणि काही दिसू देत नाही. त्यामुळे पुढच्या पायांच्या खोबणी मागून उघड्या आहेत की बंद, ते मला सांगता येत नाही. तोंडाशी पिवळसर कणांचा एक पुंजका आहे.

नऊ महिने या कुलातल्या प्रजातींची मिळतील तेवढी वर्णनं वाचली, आजच्याही आणि जीवाश्मांचीही. कशाशीच जुळत नाही. मार्गदर्शक म्हणतात, दहा कोटी वर्षांपूर्वीचा जीव आहे, चार पेरं आहेत, नवी प्रजातीच आहे, लिहून टाक. मी नावसुद्धा ठरवलंय: [संपादित: खालच्या प्रतिसादानंतर नाव काढलं]. पण लिहायला बसले की हात थांबतो. पोट न पाहता प्रजाती जाहीर करायची का? एकच नमुना पुरतो का? ज्यांनी अंबरमधल्या भुंगेऱ्यांवर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगावं. कडक शब्दांत सांगितलंत तरी चालेल.

करवतकाठी

सालीखालची, हात थांबला हे फार चांगलं झालं. मी वीस वर्षं भुंगेऱ्यांचं वर्गीकरण करतेय, त्यातली अकरा अंबरमधल्या भुंगेऱ्यांवर गेली. तुमच्या जागी मीही होते आणि माझा हात थांबला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा पहिला नमुना बाल्टिक अंबरमधला होता. टार्ससची पेरं चार मोजली. ज्या प्रजातींशी तो दिसायला जवळचा होता त्या सगळ्यांना पाच. एवढा ठळक फरक हाती लागल्यावर मला दुसरं काही दिसेचना. नाव ठरवलं, चित्रं काढली, हस्तलिखित पाठवलं. एका परीक्षकाने टार्ससचा बाजूने घेतलेला फोटो मागितला. तो माझ्याकडे नव्हता, कारण ती बाजू अंबरच्या गोलसर, वाकड्या पृष्ठभागाआड होती. तीन आठवडे त्या बाजूने घासत गेले. एके दुपारी पाय आडवा, नीट, बाजूने दिसला. तिसरं पेर खालून जिभेसारखं पसरलेलं होतं आणि त्या जिभेच्या बुडाशी, जवळजवळ तिच्यात शिरलेलं, एक इवलंसं चौथं पेर होतं. मग नखांचं लांब पेर. मोजून पाच. प्रजाती तिथेच संपली. उरली ती आधीच नाव असलेल्या एका प्रजातीतली नवी जाती, आणि हस्तलिखित मला पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावं लागलं.

तुमच्या भुंगेऱ्यात तेच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण सिल्व्हॅनिडीत तिसरं पेर पसरट आणि चौथं चिमुकलं, ही रचना कितीतरी प्रजातींत आहे. ही चूक इतकी जुनी आहे की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भुंगेऱ्यांचे मोठे गट टार्ससच्या पेरांवरून पाडले, तेव्हा ‘टेट्रामेरा’, म्हणजे चार पेरांचे, असा एक भलामोठा गट केला गेला. सोंडकिडे, लांबशिंगे, पानभुंगेरे सगळे त्यात. त्यांतल्या बहुतेकांना पाचवं पेर होतंच, तिसऱ्याच्या खाचेत दडलेलं. तेव्हा वरून मोजलेला आकडा धरू नका. टार्सस बाजूने दिसेपर्यंत वर्णनात त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा.

शिवाय एक पाय पाहून सूत्र, म्हणजे पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायांच्या टार्ससच्या पेरांचे आकडे, लिहिता येत नाही. क्रिप्टोफॅगिडी आणि कुकुजिडी या शेजारच्या कुलांत कित्येक जातींच्या माद्यांचं सूत्र ५-५-५ असतं आणि नरांचं ५-५-४. फरक फक्त मागच्या पायात. तुम्हाला दिसतोय मधला पाय, म्हणजे मागच्याबद्दल तुमच्या हातात काहीच नाही. नर-मादीतला फरक प्रजातींमधला फरक म्हणून छापला गेल्याची उदाहरणं आपल्या विषयात भरपूर आहेत.

दातांचं. डावीकडे चार, उजवीकडे पाच, हे वाचून मी खुर्ची पुढे ओढली. ओरायझेफिलसला दोन्हीकडे सहा-सहा असतात. कमी झालेच तर झिजून किंवा तुटून. तेव्हा तुमचे दोन्हीकडचे दात सारखे नसतील तर दोन शक्यता आधी संपवा: डावीकडचा एक तुटला, किंवा उजवीकडचा एक दात नाहीच. अंबरमध्ये कडेला चिकटलेला बारीक बुडबुडा हुबेहूब दातासारखा दिसतो. प्रकाश खालून सोडा आणि तुकडा हळूहळू फिरवा. दात कवचाच्याच रंगाचा राहतो. बुडबुड्याला काळी कड आणि मधे उजेडाचा ठिपका येतो, आणि तुकडा फिरवला की तो ठिपका सरकतो. हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

आता मुख्य गोष्ट. ‘कशाशीच जुळत नाही’ आणि ‘नवी प्रजाती आहे’ या दोन वाक्यांच्या मधे सगळं खरं काम आहे. नवी जाती जाहीर करताना तुम्ही म्हणता की हा प्राणी वेगळा आहे. नवी प्रजाती जाहीर करताना तुम्ही नात्यांबद्दल बोलता: हा अमुक कुलात, अमुक उपकुलात बसतो, आणि तिथल्या कुठल्याही नाव असलेल्या प्रजातीत त्याला घातलं तर त्या प्रजातीची व्याख्याच फाटते. म्हणून फरकांची यादी कितीही लांब झाली तरी पुरत नाही. आधी तो कुणाच्या जवळचा आहे ते दाखवावं लागतं, आणि त्यासाठी त्या गटात नव्याने आलेली लक्षणं लागतात. पूर्वजांपासून तशीच राहिलेली लक्षणं जवळीक सिद्ध करत नाहीत. अकरा पेरांची शृंगिका भुंगेऱ्यांत सगळीकडे आहे, ती तुम्हाला काही सांगणार नाही. पहिलं पेर लांब असणं सांगेल, कारण ते ब्रॉन्टिनी उपकुलाकडे बोट दाखवतं. माझ्या मते तुमच्या सगळ्या वर्णनात सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते येताजाता लिहून गेलात. त्या पेराची लांबी-रुंदी मोजा, दोन्ही बाजूंची.

वयाबद्दल मार्गदर्शक जे म्हणाले ते मला मान्य नाही, आणि हे मी आदर ठेवूनच लिहितेय. वय हे लक्षण नव्हे. काचिन अंबर ज्या गाळात सापडतं त्याचं वय झिर्कॉन या खनिजाच्या कणांवरून ९ कोटी ८७ लाख ९० हजार वर्षं निघालंय, सहा लाख वीस हजार वर्षं इकडेतिकडे. एवढ्या काळात काही भुंगेऱ्यांचं शरीर फारच थोडं बदललं. तुकडा जुना म्हणून प्रजाती नवी, हा तर्क परीक्षक एका वाक्यात खोडतील, आणि तो खोडलाच पाहिजे. उलट काचिनमधूनच सिल्व्हॅनिडीच्या नामशेष प्रजाती आधी वर्णिल्या गेल्यात. प्ल्युरोसेराटोस २००८ मधली आहे, प्रोटोलियोटा तिच्यानंतरची. तुमच्या निदानाच्या, म्हणजे वेगळेपणाची लक्षणं सांगणाऱ्या, परिच्छेदात पहिली तुलना या दोघींशी हवी. आजच्या प्रजाती त्यानंतर.

एक नमुना पुरतो का? पुरतो. अंबरमधल्या पुष्कळ प्रजाती एकाच नमुन्यावर उभ्या आहेत. पण मग त्या एका नमुन्याची खालची बाजू न पाहता लिहिणं मला पटत नाही. पुढच्या कोक्साच्या, म्हणजे पायाच्या बुडाच्या पेराच्या, खोबणी मागून उघड्या की बंद, हे कळल्याशिवाय चपट्या भुंगेऱ्यांची ओळख-किल्ली पुढे सरकतच नाही. ती चंदेरी चमक म्हणजे देह आणि राळ यांच्यामधला हवेचा पातळ थर. प्रकाश त्याच्यावरून परत फिरतो, म्हणून कुठलाही सूक्ष्मदर्शक तिथे हरतो. घासूनही उपयोग नाही, थर देहालाच लगटलेला असतो. तिथे मायक्रो-सीटीच, म्हणजे क्ष-किरणांचं सूक्ष्म त्रिमितीय स्कॅनच, हवं.

पायासाठी मात्र घासा. आधी तुकडा इपॉक्सी रेझिनमध्ये निर्वातात बसवा, नाहीतर पृष्ठभागापर्यंत आलेली एखादी भेग घासताना उघडेल. मग पाण्याने ओला ठेवलेला पॉलिश पेपर: आठशे, बाराशे, दोन हजार, पाच हजार, आणि शेवटी फेल्टवर सेरियम ऑक्साइड. बोटाचा दाब नको, तुकड्याचं वजनच पुरे. दहा फेऱ्या, पुसणं, ग्लिसरीनचा थेंब आणि वर कव्हरस्लिप ठेवून पाहणं, पुन्हा दहा फेऱ्या. पायापासून पृष्ठभागाचं अंतर ०.३ मिलिमीटरवर आलं की बाराशेपेक्षा खरखरीत कागद वापरायचा नाही. बोटाला गरम लागलं की थांबायचं. तोंडाजवळचा पुंजका ज्या बाजूला आहे ती बाजू घासू नका. तो कसला आहे हे कळल्याशिवाय त्याला धक्का नको.

राळरंग

करवतकाठी यांच्याशी पूर्ण सहमत. दोन गोष्टींची भर घालतो. मी कीटकांचा माणूस नाही, अंबर तपासण्याचं आणि स्कॅन करण्याचं काम करतो.

जुन्या कप्प्यातला तुकडा म्हणालात, तर आधी तुकडा तपासा. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती. १९६६ साली विली हेनिगसारख्या नामवंत कीटक-वर्गीकरणतज्ज्ञाने तिचा अभ्यास करून ती आजच्याच फॅनिया स्कॅलॅरिस या जातीची असल्याचं लिहिलं. म्हणजे ही जाती कोट्यवधी वर्षं बदललीच नाही, असा अर्थ निघाला. १९९३ साली अँड्र्यू रॉस तोच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती भेग दिसू लागली. कुणीतरी तुकडा मधोमध कापून, एका अर्ध्याला पोकळी करून, आजची माशी ठेवून तो पुन्हा चिकटवला होता. सत्तावीस वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पाहणारे सगळे तज्ज्ञ होते.

तुम्ही अतिनील दिव्याखाली तुकडा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. सांधा असेल तर गोंदाची रेघ वेगळ्या रंगात उजळते. अंबरमधले प्रवाहाचे पट्टे भुंगेऱ्याच्या दोन्ही बाजूंना अखंड जातात का तेही पाहा. ॲसिटोनचा थेंब, तापलेली सुई असले प्रयोग होलोटाइप, म्हणजे नाव ज्यावर आधारलेलं असतं तो नमुना, होऊ शकणाऱ्या तुकड्यावर अजिबात करू नका. आणि दिवा एलईडीचाच वापरा.

सीटीबद्दल. अंबरमधल्या भुंगेऱ्याचा देह आतून बहुधा पोकळ असतो, कवच तेवढं उरतं. कवच आणि अंबर यांच्या घनतेत फरक कमी, त्यामुळे साध्या स्कॅनमध्ये कधी कधी भुंगेरा पुसट येतो, तर कधी दिसतच नाही. तुमच्याकडे पोटाशी हवेचा थर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो जितका त्रास देतो तितकाच इथे उपयोगी पडेल, कारण हवा आणि कवच यांची सीमा क्ष-किरणांत ठळक उमटते. फेज कॉन्ट्रास्टची, म्हणजे अशा सीमा आणखी ठळक करणाऱ्या पद्धतीची, सोय असेल तर ती मागा. २.६ मिलिमीटरच्या देहाला दोन मायक्रॉनच्या आसपासचा व्हॉक्सेल (स्कॅनमधला सर्वांत लहान घन ठिपका) मिळायला अडचण नसावी, पण त्यासाठी तुकडा लहान हवा. बोटाच्या पेराएवढा तुकडा स्रोताजवळ फिरवता येत नाही. म्हणून आधी स्कॅन करणाऱ्यांशी बोला, मग किती कापायचं ते ठरवा.

त्या पिवळ्या पुंजक्याबद्दल मला फार उत्सुकता आहे. २०१८ मध्ये काचिन अंबरमधूनच क्रेटोपॅराकुकुजस सायकॅडोफिलस ही बोगॅनिडी कुलातली नवी प्रजाती आणि जाती प्रसिद्ध झाली. त्या भुंगेऱ्याशेजारी सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन बीजधारी झाडांचे परागकण होते आणि जबड्यांवर केसाळ खळगे होते. सायकॅडचं परागण भुंगेरे तेव्हापासून करत होते, हे त्यातून मांडता आलं. तुमचे कण पराग असतीलच असं नाही, बुरशीचे बीजाणूही असू शकतात, आणि सालीखालच्या जीवाला तेच जास्त शोभेल. कॉन्फोकल (लेसरच्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पराग आणि कवच दोन्ही स्वतःहून प्रकाशतात, फक्त पृष्ठभागापासून फार खोल असून चालत नाही.

टाचण

मी संग्रह सांभाळते, म्हणून कागदांचं विचारते. तुकडा संग्रहालयात कोणत्या तारखेला दाखल झाला? नोंदवहीत तशी नोंद आहे का? क्रमांक तुकड्यावर आहे की फक्त डबीवर?

यांची उत्तरं नसतील तर बाकी सगळं थांबवा. काचिनच्या हुकाँग खोऱ्यातल्या खाणींचा ताबा घेण्याची मोहीम तिथल्या लष्कराने जून २०१७ मध्ये सुरू केली. एप्रिल २०२० मध्ये सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिओंटोलॉजीने नियतकालिकांना पत्र लिहून, त्यानंतर विकत घेतलेल्या म्यानमारच्या जीवाश्मांवरचे लेख स्वीकारू नयेत अशी विनंती केली. फेब्रुवारी २०२१ च्या सत्तापालटानंतर प्रश्न आणखी गंभीर झाला. पत्र पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या संस्थेचं होतं, पण भुंगेऱ्यांचे लेख छापणारी काही नियतकालिकंही आता दाखल तारीख विचारतात. आणि विचारलं नाही तरी ती लेखात असावी असं मला वाटतं. त्या खाणींत अरुंद विहिरींत उतरून माणसं हे तुकडे वर काढतात. आपण ज्यावर नाव छापणार ती वस्तू कुठल्या वाटेने आली हे लिहिणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

क्रमांक डबीवर असेल तर आजच तुकड्याला जोडा. इपॉक्सीत बसवताना छोटी कागदी चिठ्ठी आतच घालता येते, देहापासून लांब कोपऱ्यात. आणि कापाकापी केलीत तर प्रत्येक तुकड्याला मूळ क्रमांक अधिक अक्षर द्या. होलोटाइप एकच तुकडा असेल, पण बाकीचे फेकायचे नाहीत.

व्युत्पत्ती

सालीखालची, पहिली विनंती: धाग्यातलं ते नाव आत्ताच्या आत्ता काढा. इथे लिहिल्याने ते नियमानुसार उपलब्ध होत नाही, म्हणजे अधिकृत नाव म्हणून धरलं जात नाही. प्राणिनामकरण संहितेच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक प्रकाशन चालतं, पण ते रीतसर प्रकाशन हवं आणि झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. तरीही असं नाव इंटरनेटवर राहिलं की कुणीतरी यादीत उचलतं आणि वर्णन नसलेलं ‘नोमेन न्यूडम’ म्हणून ते वर्षानुवर्षं फिरत राहतं.

नाव सुंदर होतं, आणि मराठी शब्दावरून केलेलं होतं याचा मला फार आनंद झाला. प्राणिनामकरण संहिता कुठल्याही भाषेतला शब्द चालवून घेते. फक्त तो लॅटिन लिपीत लिहिलेला आणि शब्द म्हणून उच्चारता येईल असा हवा. लॅटिन-ग्रीक नसलेल्या शब्दाचं लिंग तुम्हीच स्पष्ट लिहून ठरवायचं. हे विसरू नका, कारण जातीचं विशेषणात्मक नाव प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: काळा भुंगेरा, काळी माशी, काळं फुलपाखरू. तिथेही पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी असे तीन साचे आहेत.

मग पूर्ण प्राणिसृष्टीत ते नाव आधी कुणी वापरलंय का ते तपासा. मासा, गोगलगाय, कोळी, कुणाचंही असलं तरी प्रजातीचं नाव पुन्हा वापरता येत नाही. वनस्पतींची संहिता वेगळी, त्यामुळे तिथलं नाव आड येत नाही. आणि लेखात प्रकार-जाती, म्हणजे प्रजातीचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जाती, स्पष्ट नेमा. १९३० नंतरच्या कुठल्याही प्रजातीचं नाव त्याशिवाय उपलब्धच होत नाही. एकच जाती असेल तर ती आपोआपही ठरते, पण त्यावर विसंबू नका, एक सरळ वाक्य लिहा. होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय हेही तितकंच आवश्यक.

सालीखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव काढलं. आठ आठवड्यांनी परत येतेय, कारण दाखवण्यासारखं काहीतरी झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

टाचण, दाखल तारीख २०१४ ची आहे. नोंदवहीत क्रमांकासह आहे, देणगीदाराचं पत्रही फायलीत सापडलं. क्रमांक फक्त डबीवर होता. आता चिठ्ठी इपॉक्सीत आहे.

राळरंग, अतिनील प्रकाशात तुकडा सगळीकडून सारखा निळसर उजळला. सांधा नाही. प्रवाहाचा एक पट्टा डाव्या एलिट्राच्या टोकाला लागून आरपार जातो, तो कुठेही तुटत नाही.

आता दात. उजवीकडचा पाचवा दात बुडबुडा निघाला. खालून प्रकाश सोडला आणि त्याच्या मधे उजेडाचा ठिपका आला, सरकलाही. मी नऊ महिने त्याला दात म्हणत होते, चित्रातही काढला होता. दोन्हीकडे चार-चार आहेत.

आणि टार्सस. पॉलिश करायला सतरा दिवस लागले. करवतकाठी, तुम्ही लिहिलं तसंच: तिसऱ्या पेराच्या जिभेच्या बुडाशी एक इवलंसं पेर. मी ते पाहिलं आणि बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही. मग मार्गदर्शकांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं, उठले, आणि म्हणाले, मोजायला मी घाई केली. मधल्या पायाला पाच पेरं आहेत.

म्हणजे ज्या तीन फरकांवर माझं हस्तलिखित उभं होतं त्यांतले दोन गेले. पण तुम्ही सांगितलेलं पहिलं पेर मोजलं. डाव्या शृंगिकेत लांबी रुंदीच्या ४.१ पट, उजव्या शृंगिकेत ४.० पट. आणि पॉलिश केल्यावर बाजूने डोकं पहिल्यांदाच नीट दिसलं. डोळ्याखालून मागे जाणारी एक खोल चर आहे, दोन्ही बाजूंना, आणि उजव्या शृंगिकेचं लांब पेर तिच्यात अर्धवट बसलेलं आहे. प्ल्युरोसेराटोस आणि प्रोटोलियोटाच्या वर्णनांत मला अशी चर सापडली नाही, चित्रांतही नाही. पुंजका कॉन्फोकलखाली पाहिला. गोल, गुळगुळीत, एकसारखे कण, परागाला असते तशी चीर किंवा छिद्र एकावरही नाही. बीजाणूच असावेत असं वाटतंय.

सीटीची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली आहे, फेज कॉन्ट्रास्टसह. तुकडा कापून सहा मिलिमीटरवर आणला, पुंजक्याची बाजू शाबूत ठेवून. खोबणी बंद निघाल्या तर काय करायचं, हे मी आधीच विचारून ठेवते.

करवतकाठी

चरीबद्दल वाचून फार बरं वाटलं. ही गोष्ट तुम्हाला बाजूने पाहिल्यामुळेच मिळाली, हेही लक्षात ठेवा. पण एक खात्री करा: देह दाबला जाऊन डोक्याची कड आत मुडपली तरी चरीसारखंच दिसतं. चरीच्या कडा दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या आहेत का आणि तळ गुळगुळीत आहे का, हे सीटीच्या आडव्या छेदांत पाहा. दाबामुळे आलेली घडी सहसा दोन्हीकडे सारखी नसते आणि तिच्या तळाशी कवच चिरलेलं असतं.

खोबणी उघड्या निघाल्या आणि चर खरी ठरली, तर लांब पेर, चर आणि खोबणी अशी तीन लक्षणं एकाच दिशेने बोलतील आणि मी स्वतः या प्रजातीच्या बाजूने उभी राहीन. बंद निघाल्या तर उपकुलाचा प्रश्न उघडा ठेवा. प्रजाती सिल्व्हॅनिडीत, उपकुल अनिश्चित, असं लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. लक्षणांच्या तक्त्यात जे दिसलं नाही तिथे प्रश्नचिन्हच घाला, मागच्या टार्ससलाही, तो स्कॅनमध्ये उलगडला नाही तर.

छेद आले की मागच्या पायापासून सुरुवात करा. आणि ते बुडबुड्याचं चित्र फाडू नका, लेखाच्या पुरवणीत दोन्ही प्रकाशांतले फोटो शेजारी शेजारी द्या. पुढच्या माणसाचे नऊ महिने वाचतील.